दोन माणसांची गाडी

गाडीनं हिसका दिला आणि चौकाच्या मधोमध बंद पडली. हिसका तसा मोठा नव्हता; जगदेवीची छाती स्टेअरिंगला टेकायच्या आत पट्ट्यानं तिला मागं ओढलं, एवढंच. पण तेवढ्यानं शेजारी बसलेल्या राजशेखरांचा उजवा हात मांडीवरून घसरला आणि दोघांच्या मधल्या जागेत, गिअरच्या दांड्यापाशी, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडून राहिला. तिनं गाडी लगेच सुरू केली नाही. आधी नवऱ्याचा तो हात मनगटाशी धरून उचलला आणि पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवला. मागं हॉर्न वाजायला लागले होते. लातूरचं सकाळचं ऊन काचेवर पसरलं होतं आणि सगळा चौक या लाल, बुटक्या गाडीकडं वळून बघत होता. डाव्या अंगाला थांबलेल्या रिक्षातल्या दोन बाया वाकून खाली बघत होत्या. खाली, कारण या गाडीत बसलं की रिक्षासुद्धा माडीसारखी उंच वाटते. त्यांना आत काय दिसत असेल, असं जगदेवीच्या मनात आलं. कपाळाला विभूती लावलेली, साठीला टेकलेली एक बाई स्टेअरिंग घट्ट धरून बसलेली, आणि तिच्या शेजारी, थंडी अजून धड पडलीसुद्धा नसताना तोंडावर मफलर ओढून घेतलेला पुरुष. राजशेखरांनी मफलर आणखी वर ओढला, नाकापर्यंत. वाकडं झालेलं तोंड कुणाला दिसू नये म्हणून ते घरातसुद्धा पाहुण्यांकडं पाठ करून बसत. खरं तर बेत एवढाच होता, की रिंगरोडनं एक फेरी मारायची आणि परत यायचं. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली होती, काकांना बाहेर काढा, भिंतीकडं तोंड करून माणूस सुधरत नसतो. आणि येत्या रविवारी संगमेश्वर, त्यांचा मुलगा, पुण्याहून या गाडीच्या एका गिऱ्हाइकाला घेऊन येणार होता. मुलाचं चुकत नव्हतं. अप्पा आता ही गाडी चालवणार नाहीत, उभ्या गाडीला गंज चढतो, आणि उभी गाडी रोज दिसत राहिली तर अप्पांनाही त्रासच, असं तो म्हणाला होता. आईला गाडी चालवता येते हे त्याला माहीतच नव्हतं. जगदेवीनं किल्ली फिरवली, गाडी पुन्हा सुरू झाली.

"घरी जायचं का?" तिनं विचारलं.

"हाव," राजशेखर म्हणाले, आणि डावा हात उचलून त्यांनी समोर दाखवलं. समोर उदगीरचा रस्ता होता.

बोलण्यातला हा एवढा एकच शब्द त्यांना उरला होता. मेंदूत रक्ताची गाठ अडकली, तिनं त्यांचं उजवं अंग नेलं आणि जाता जाता सगळी भाषा नेली. मराठी, घरातली कानडी, हैदराबादच्या व्यापाऱ्यांशी बोलायची दखनी, तुरीचे भाव, शिव्या, नातवंडांची नावं. मागं ठेवला तो फक्त 'हाव', होकाराचा. भूक लागली का, हाव. जेवण नको का, हाव. पहिले काही आठवडे जगदेवी त्या शब्दाला फसत राहिली. नको असलेलं पाणी पाजत राहिली, हवी असलेली खिडकी लावून घेत राहिली. मग हळूहळू तिला कळलं, की शब्द ऐकायचा नसतो. भुवई बघायची, श्वास बघायचा, आणि सगळ्यात आधी डावा हात बघायचा. डावा हात राहिला, याचं तिला रोज सकाळी नव्यानं बरं वाटायचं. पूजेच्या वेळी इष्टलिंग डाव्याच तळहातावर घेतात. सकाळी ती त्यांना भिंतीला टेकवून बसवी, ते डावा तळहात पुढं करत, आणि उजव्या हातानं करायचं ते सगळं, विभूती, पाणी, फूल, ती करी. त्या शब्दाबद्दलही तिला असंच काहीसं वाटायचं. एकच शब्द उरायचा होता तर हा उरला. 'न्हाई' उरला असता तर? दिवसभर घरातून तो घुमत राहिला असता, आणि तो ऐकत ऐकत तिचंही काहीतरी वाळून गेलं असतं. आता तिनं शब्द सोडून दिला आणि हाताकडं बघितलं. हात सरळ होता, समोरच्या रस्त्याकडं. तिनं पहिला गिअर टाकला आणि क्लच इतका हळू सोडला, की गाडी निघाली हे तिला रिक्षा मागं सरकताना दिसल्यावर कळलं.

नळेगावच्या बाजूनं रस्ता मोकळा झाला. दोन्ही अंगांना तूर पिवळी झाली होती. याच रस्त्यानं राजशेखर तीस-पस्तीस वर्षं रोज उदगीरला डाळमिलवर गेले. आधी मोटारसायकलवर, मग जीपमध्ये, मग पिकअपमध्ये. त्यांच्या हातातली प्रत्येक गाडी आधी मालाची होती आणि मग माणसांची. लग्नानंतर जगदेवी पहिल्यांदा माहेरी गेली ती तुरीच्या पोत्यांवर सतरंजी टाकून. आणि मग साठीच्या अलीकडं, भावाभावांच्या वाटण्या होऊन मिलचा कारभार जरा हलका झाल्यावर, हा माणूस एक दिवस बसनं हैदराबादला गेला आणि ही गाडी चालवत परत आला. परदेशी, जुनी, कुणीतरी हौसेनं वापरून विकलेली. दोनच माणसं बसतील अशी, कापडी छत मागं घडी होणारी. घरात कुणाला काय बोलावं कळेना. जाऊ म्हणाली, दोघांचीच गाडी घेतली म्हणजे बाकीच्यांनी काय समजायचं? दिरांनी डिकी उघडून बघितली आणि हसले. एक पोतं बसत नव्हतं. राजशेखर शांतपणे म्हणाले, म्हणूनच घेतली. जन्मभर माल वाहिला, एक तरी गाडी अशी पाहिजे का जिच्यात माल बसतच न्हाई. जगदेवी तेव्हा दारात उभी होती. तिला राग आला होता आणि त्या रागाखाली, खूप खोल, काहीतरी हललंही होतं; ते काय हे तिनं बघितलं नाही. सणावारांची घाई होती.

दर रविवारी ते गाडी घेऊन डोंगरात जात. जळकोटच्या पुढं बालाघाटाचे डोंगर सुरू होतात, मुखेडपर्यंत रस्ता वळणं घेत चढतो-उतरतो. तेवढ्यासाठी ते जात आणि दुपारी जेवायला परत येत. एकदा तिला घेऊन गेले. ती जमिनीला टेकल्यासारखी बसलेली, डोंगर एकदा उजवीकडून अंगावर येतोय, एकदा डावीकडून. कुठल्याशा वळणावर तिला इतकं मळमळलं की त्यांनी गाडी थांबवायच्या आत तिनं दार उघडून रस्त्यावरच ओकलं. ते हसले नाहीत. पाण्याची बाटली पुढं केली, पाठ चोळली, आणि परत येताना इतकी हळू गाडी चालवली की सायकलवाले पुढं गेले. त्यानंतर त्यांनी तिला कधी आग्रह केला नाही. रविवारी निघताना मात्र क्षणभर दारात थांबायचे, तिच्याकडं बघायचे, ती मान हलवायची, आणि ते जायचे. ते डोंगरात एकटे काय करतात हे तिला कधी समजलं नाही. दारू पीत नव्हते, कुणाला भेटत नव्हते. परत आल्यावर त्यांचा चेहरा आंघोळ करून आल्यासारखा असायचा.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला, सकाळी, न्हाणीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. नंतरचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ओल्या फरशीवर त्यांचा गाल. एका बाजूनं ओघळलेलं तोंड. आणि मग ती अंगणात उभी, हातात या गाडीची किल्ली. गाडी दारात, चकचकीत, रविवारीच पुसलेली. आणि ती तिच्यासमोर किल्ली धरून उभी, जसं एखाद्या परक्या भाषेतलं पुस्तक हातात द्यावं आणि म्हणावं, वाच. ती तशी किती वेळ उभी होती कोण जाणे, फार नसेल, पण तेवढ्यात दूधवाला व्यंकटी आला. त्यानं काही विचारलं नाही. टेम्पोतले कॅन एका अंगाला ढकलले, रिकामी पोती अंथरली, आणि राजशेखरांना उचलून त्या कॅनांच्या मध्ये निजवलं. दवाखान्यापर्यंत ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि वळणावळणावर दूध हिंदकळून तिच्या पाठीवर सांडत होतं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. व्यंकटीनं त्यानंतर त्या सकाळचा विषयसुद्धा काढला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं दूध घातलं. काही माणसांचे उपकार फेडता येत नाहीत आणि ते फेडू देतही नाहीत. पण ती किल्ली तिच्या तळहातातून गेली नाही. महिन्याभरानं, राजशेखर घरी आल्यावर, दुपारी ते निजले की ती पंचशीलाकडं जायला लागली.

पंचशीला बायकांना गाडी चालवायला शिकवायची. तिशीची, बारकी, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारी. स्वतःच्या शिकवायच्या गाडीवर तिनं जगदेवीची रस्त्याची भीती घालवली, तिला लायसनपर्यंत नेलं, गतिरोधक आला की गाडी तिरकी कशी न्यायची ते शिकवलं. मग एक दिवस घरी आली आणि ही लाल गाडी बघून दारातच थांबली. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पोट जमिनीपासून किती वर आहे ते बघितलं, आणि खरं ते सांगून टाकलं.

"काकू, भ्या मलाबी वाटून राहिलंय. असली गाडी मी कधी हातात धरली न्हाई. आपण दोघी संगट शिकू."

तसंच झालं. दोघी पाळीपाळीनं बंद पाडायच्या. कुणाच्या हातून जास्त हिसके बसले हे सांगता आलं नसतं. जगदेवीला कधी मैत्रीण अशी नव्हती. जावा होत्या, नणंदा होत्या, मंदिरातल्या बायका होत्या. बायपासच्या कडेला गाडी लावून दोघी उसाचा रस प्यायच्या आणि पंचशीला आपल्या आईबद्दल बोलायची. त्या दुपारी घरातल्या कुणालाच सांगितल्या नव्हत्या. नवऱ्याच्या दुखण्यातून आपल्याला एवढी चांगली दुपार मिळते, हे कुणाला आणि कसं सांगणार? मनाला एक खडा टोचत राहायचा. ते पडले नसते तर ती शिकली नसती. त्यांच्या जागेवर बसायचं, त्यांच्या अंगाचा खोलगट साचा अजून असलेल्या सीटवर, पाठीमागं उशी घेऊन, आणि वर आनंद व्हायचा, म्हणजे काय? आज सकाळी तिनं त्यांना आधार देऊन अंगणात आणलं, डावीकडचं दार उघडलं, तेव्हा ते थबकले होते. त्या बाजूनं ते या गाडीत कधीच बसले नव्हते. तिनं तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळलं.

उदगीर आलं. बायपासवरून मिलची चिमणी दिसली तेव्हा त्यांनी मान वळवली आणि दुसरीकडच्या शेतांकडं बघत राहिले. जगदेवीनं वेग कमी केला नाही. ओळखीचं कुणी आडवं येऊ नये एवढंच मनात म्हणत राहिली. मग जळकोट मागं पडलं आणि जमीन बदलली. काळ्या शिवाराच्या जागी खडक आला, पिवळं वाळलेलं कुसळी गवत आलं, सीताफळाची झुडपं उतारावर दाटीनं उभी राहिली, आणि रस्ता एका टेकडीला वळसा घालून वर निघाला. तिनं मळमळीची वाट बघितली. पोटात काहीच हललं नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, डोंगर उजवीकडून आला आणि शांतपणे मागं गेला, आणि तिच्या लक्षात आलं, की चालवणाऱ्याला गरगरत नाही. वळण आपणच घेत असतो, ते अंगावर येत नाही. इतकी साधी गोष्ट तिला या वयात कळत होती. तेवढ्यात राजशेखरांचा डावा हात वर गेला आणि छताला, पुढच्या काचेच्या वरच्या कडीशी, चाचपडू लागला. आधी तिला वाटलं त्यांना काही होतंय. मग कळलं. तिनं गाडी कडेला घेतली. कडी दोघांनी मिळून काढली, कारण एकट्याच्या डाव्या हाताला ती दाद देईना, आणि छत मागं लोटलं. वर एकदम आभाळ झालं. गवताचा वास आत आला, ऊन त्यांच्या मांडीवरच्या निजलेल्या हातावर पडलं. ती पुन्हा निघाली तेव्हा वारा मफलरमध्ये शिरून तो फडफडायला लागला. राजशेखरांनी तो थोडा वेळ धरून ठेवला आणि मग सोडून दिला. मफलर त्यांच्या खांद्यावर घसरला. तोंड उघडं पडलं, वाकडं, ओलसर. पुढून एक जीप आली आणि तिच्यातली माणसं बघत गेली. त्यांनी मफलर उचलला नाही.

पुढच्या चढावर उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या, आणि तो माणसाच्या चालीनं चढत होता. तिला त्याच्यामागं हळू व्हावं लागलं, आणखी हळू, आणि मग तिनं चुकीचा गिअर टाकला. गाडीनं खोकल्यासारखं केलं आणि बंद पडली. आवाज गेल्यावर डोंगर एकदम मोठा वाटला. एक क्षण काहीच झालं नाही. मग समोरच्या ट्रॉल्या जरा जास्तच वेगानं लांब जायला लागल्या, आणि तिच्या ध्यानात आलं की त्या जात नाहीत, आपण मागं चाललो आहोत. आरशात लाल एसटी होती, वळणावरून नुकतीच वर आलेली, मोठी होत जाणारी. तिनं पाय दाबला, जोरानं दाबला, आणि तो क्लच होता. दुसरा पायही त्याच्यावरच जाऊन पडला. पंचशीलानं शिकवलेलं सगळं डोक्यातून पुसून गेलं होतं, आत नुसतं पांढरं होतं. तिच्या कुशीवर एकदम भार आला. राजशेखर आपलं अंग फिरवून, निकामी खांद्यावर पडून, तिच्या अंगावर रेलून आडवे झाले होते आणि त्यांचा डावा हात दोघांच्या मधल्या हँडब्रेकवर होता. त्यांनी तो ओढला. घशातून मोठा आवाज काढून ओढला. गाडी धक्क्यानं थांबली. एसटीही थांबली, तिच्या मागं, इतकी जवळ की आरशात नुसती लाल पत्र्याची भिंत दिसत होती.

ते तसेच तिच्या मांडीवर रेललेले राहिले. त्यांच्या मानेचा घाम तिला दिसत होता. पडले त्या दिवसापासून ती त्यांना उचलत होती, बसवत होती, कुशीवर वळवत होती. आज पहिल्यांदा ते आपणहून तिच्याकडं वळले होते. तिनं त्यांना सरळ केलं, पण त्यांचा हात हँडब्रेकवरून काढला नाही. कंडक्टर खाली उतरून आला होता. बसच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या होत्या. त्यानं एकदा गाडीकडं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि समजुतीनं म्हणाला, की मावशी घाबरू नका, आमचा डायवर गाडी वर सपाटीला नेऊन देईल, तुम्ही दोघं उतरून उभे ऱ्हावा. मग पुरुषमाणसाला विचारलेलं बरं म्हणून राजशेखरांकडं वळला.

"काय मालक, देऊ का नेऊन?"

"हाव," राजशेखर म्हणाले.

कंडक्टर मागं वळून ड्रायव्हरला हाक मारणार तेवढ्यात जगदेवी म्हणाली, "थांबा. ते न्हाई म्हणून राहिलेत."

कंडक्टरनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. राजशेखरांची नजर त्याच्यावर नव्हतीच. ती हँडब्रेकवरच्या स्वतःच्या मुठीवर होती, आणि मूठ पांढरी पडली होती.

जगदेवीनं किल्ली फिरवली. पाय नीट पाहून ठेवले, डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. मग ती त्यांच्याकडं न बघता, रस्त्याकडं बघत बोलली.

"मी 'सोडा' म्हणलं का सोडायचं. आधी न्हाई."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्याशी ती असं कधी बोलली नव्हती. तिनं उजवा पाय ब्रेकवरून उचलला, पण गाडी हलली नाही. त्यांनी धरून ठेवली होती. तिनं एक्सलेटर दाबला, क्लच हळूहळू वर येऊ दिला, इंजिनाचा आवाज जाड झाला, आणि गाडीचं नाक जरासं उचलल्यासारखं झालं. त्यांनाही ते कळलं. त्यांच्या अंगात ते आलेलं तिला शेजारून जाणवलं, जसं पाण्यात उभं असताना दुसऱ्याचं हलणं जाणवतं. "सोडा," ती म्हणाली. त्यांनी सोडलं. गाडी एक इंचही मागं गेली नाही. चढाला लागली आणि चढतच राहिली. आरशात कंडक्टर कमरेवर हात ठेवून उभा होता, मग त्यानं बसच्या पत्र्यावर थाप मारली आणि आत चढला. वरच्या सपाटीवर ट्रॅक्टरनं कडेला होऊन वाट दिली. जगदेवी रडत होती, पण ते रडणं वाऱ्यानं लगेच वाळून जात होतं.

मुखेडला बाजाराचा दिवस होता. तिनं गाडी बाजाराच्या कडेला, सीताफळं घेऊन बसलेल्या एका बाईच्या शेजारी लावली, कारण तिथं सावली होती, आणि त्यांना पाणी पाजलं. फोन वाजला. संगमेश्वर होता; सकाळपासून घरी कुणी फोन उचलत नव्हतं म्हणून कासावीस झालेला. आई मुखेडला आहे, अप्पा बरोबर आहेत, आणि गाडी ती लाल आहे, एवढं कळायला त्याला वेळ लागला. मग त्यानं विचारलं, की चालवतंय कोण. मी, ती म्हणाली.

"अव्वा," तो म्हणाला, "अप्पा काय करून राहिलेत?"

तिनं शेजारी बघितलं. गाडी इतकी खाली होती, की जमिनीवर मांडलेली पाटी थेट राजशेखरांच्या दाराशी आली होती. दुसऱ्या कुठल्याही गाडीतून त्यांचा हात तिथं पोचला नसता. त्यांनी डावा हात बाहेर काढला होता आणि अंगठ्यानं एकेक सीताफळ दाबून बघत होते; कच्चं बाजूला, उललेलं बाजूला. तुरीचा दाणा असाच ते दोन बोटांत फिरवून बघायचे. विकणारी बाई त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हती. ती त्यांच्या हाताकडं बघत होती, आणि वैतागून म्हणत होती, की मालक दाबू नका, सगळा माल मऊ करालाव. राजशेखर दाबत राहिले. त्यांच्या कपाळाला आठी होती, गिऱ्हाइकाची, जुनी.

"सीताफळं निवडून राहिलेत," जगदेवी म्हणाली. "आन् रविवारी तू ये. त्या माणसाला आणू नको."

संगमेश्वर म्हणाला, बरं. मग म्हणाला, हळू चालवा. आणि फोन ठेवता ठेवता त्याचा आवाज लहानपणी ताप उतरल्यावर यायचा तसा झाला.

त्यांनी निवडलेली सीताफळं तिनं त्यांच्या पायाशी ठेवली. इथून मागं फिरायचं होतं. पण मागं फिरायला तिला मन होईना, आणि त्यांच्या डाव्या हातानंही मागं दाखवलं नाही, म्हणून ती नायगावच्या दिशेनं निघाली. गावाबाहेर पुन्हा टेकड्या लागल्या. आता तिला कळायला लागलं होतं, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात शिरल्यावर जरासा दाब द्यायचा, की गाडी स्वतःच रस्त्याला धरून बसते, पाठीखालचा खडा न् खडा सांगत जाते. एक वळण सुटतंय तोवर दुसरं हातात येत होतं. डोंगराच्या कुशीत सावली गार होती आणि बाहेर ऊन ऊबदार होतं, आणि ती त्या दोन्हींतून जात होती, गार, ऊबदार, गार. किती तरी वळणांनंतर तिच्या ध्यानात आलं, की एवढा वेळ आपण यांचा विचारच केला नाही. गोळीचा नाही, हाताचा नाही, शेजारी कुणी आहे याचाही नाही. घाबरून तिनं बघितलं. राजशेखर झोपले होते. मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून, केस वाऱ्यावर. दुसऱ्याच्या गाडीत ते कधी डोळा लावत नसत. बसमध्येसुद्धा रात्रभर ड्रायव्हरच्या पाठीकडं बघत बसायचे. तो टोचणारा खडा तिनं मनात चाचपून बघितला. होता, पण दुखत नव्हता. ते पडले म्हणून ती शिकली, हे खरंच होतं. पण ही जागा त्यांनी पडायच्या कितीतरी आधी हैदराबादहून आणून दारात उभी केली होती. दोनच माणसांची गाडी. त्यातलं दुसरं माणूस कोण, हे त्यांनी तेव्हा बोलून दाखवलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

गोळीची वेळ झाली होती. तिनं एका कडुलिंबाखाली गाडी थांबवली, बाटली काढली, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडं बघून पुन्हा ठेवून दिली. गोळी थोडी उशिरानं चालणार होती. तिला भूक लागली होती, सपाटून. तिनं पायाशी वाकून त्यांनी निवडलेलं सगळ्यात मोठं सीताफळ उचललं, फोडलं, आणि कुणालाही आधी न देता खायला सुरुवात केली. आतला गर थंड होता. बिया ती दाराच्या वरून बाहेर, गवतात थुंकत होती. खालच्या उतारावरून शेळ्या वर आल्या आणि त्यांच्यामागं एक म्हातारी बाई, हातात काठी, डोक्यावर फडकं. ती गाडीपाशी थांबली. लाल पत्र्यावरून तिनं एकदा हात फिरवला, निजलेल्या माणसाकडं बघितलं, हळू आवाजात विचारलं, मालक हाईत का, आजारी हाईत का, आणि जगदेवीनं मान हलवल्यावर आपणही मान हलवली.

"कुठं चाललाव बाई?" तिनं विचारलं.

जगदेवीच्या तोंडात गर होता. तो गिळेपर्यंत तिनं खरंच विचार केला.

"कुठंच न्हाई," ती म्हणाली. "गाडी चालवून राहिले."

म्हातारीला यात काही नवल वाटलं नाही. मग बरंय, असं म्हणून तिनं शेळ्यांना हाकारलं आणि ती रस्ता ओलांडून पलीकडच्या टेकडीवर चढायला लागली. जगदेवीनं सीताफळाचा पुढचा डोळा उकलला.